मिळालंय, पण जायचं नाही

...नाही, नाही, नाही! अभिनंदन तेवढं करू नका हो, हात जोडतो. चकली द्या, चिवडा द्या, वसुधावहिनींनी अनारसे केलेत म्हणे, तेही द्या, पण अभिनंदन नको! सकाळपासून या फराळाच्या हॉलमध्ये जो भेटतो तो माझा हात धरून गदागदा हलवतो, "काय पद्माकरराव, लेक अमेरिकेला! लॉ करणार! नाव काढलं पोरीनं!" आणि मी म्हणतो, हो हो, थँक्यू, आणि पुढच्याच श्वासाला तो विचारतो, "मग कधी निघतेय?"... झालं! इथंच घोडं पेंड खातं! कारण तुम्हाला सांगतो, ती निघत नाहीये. ॲडमिशन झालीय, नक्की झालीय, त्यांनी लिहून कळवलंय. पण जायचं नाही. मिळालंय, पण जायचं नाही! जुलैपासून हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आमच्या कुत्र्याला पाठ झालं असतं, कुत्रं असतं तर. कुत्रं आम्ही घेतलं नाही, दोन वर्षांत नागपूरला परत जायचंय, त्याला कुठे विमानात घालत बसा.

ज्यांची ओळख नाही त्यांना सांगतो. मी पद्माकर, मूळचा नागपूरचा, इथं आयर्लंडात ॲथलोनला टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. ही तिकडे चहाच्या थर्मासपाशी उभी आहे ना, मोरपंखी साडी, ती संध्या. आणि ज्या महामायेमुळे मी आज इथं तोंड लपवत फिरतोय ती आमची एकुलती एक स्वानंदी, गॉलवेला बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही आलो तेव्हा चार वर्षांची होती. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीतच, आणि तेही असं की डोळे मिटून ऐकलं तर गॉलवेची मासेवाली बोलतेय वाटावं.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, गॉलवेचं कॉलेज बंद, पोरगी घरी, मी घरी, ही घरी, तिघांचे तीन लॅपटॉप आणि एक वायफाय. जेवायला बसलो होतो, झुणका-भाकरी, आणि पोरगी तुकडा मोडत म्हणते, "बाबा, आयॅम अप्लायिंग टू लॉ स्कूल." मी म्हटलं, लॉ? अगं तू इंजिनिअरिंग करतेस ना? गॉलवेत एवढ्या मेडिकल डिव्हाइसच्या कंपन्या आहेत, रांगेत उभ्या आहेत, नोकऱ्या घेऊन! तर म्हणे डिव्हाइस बिघडलं तर जबाबदार कोण, हा कायदा तिला शिकायचाय. अमेरिकेत. बरं, म्हटलं, पुढच्या वर्षी डिग्री झाली की बघू. "नो, नो. यू अप्लाय नाऊ." आत्ता? "आत्ता अप्लाय, आत्ता इंटरव्ह्यू, आत्ता रिझल्ट. देन यू फिनिश कॉलेज. देन यू गो अवे अँड वर्क फॉर टू इयर्स. देन यू गो. इट्स डिफर्ड, बाबा."

डिफर्ड! म्हणजे बघा काय प्रकार आहे. इंजिनिअरिंग अर्धवट, लॉचा पत्ता नाही, आणि जागा मात्र आत्तापासून धरून ठेवायची! म्हटलं, म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि मग गावभर फिरून, भजी खाऊन, दोन वर्षांनी येऊन बसायचं? आणि तोवर कंडक्टर तुझा रुमाल राखत बसणार? आमच्या वेळी ॲडमिशन मिळाली की त्याच रात्री वळकटी बांधून माणूस होस्टेलवर हजर व्हायचा, न जाणो, सकाळपर्यंत त्यांचा विचार बदलला तर! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! तर ही शांतपणे झुणक्यात तेल घालत म्हणते, "इट'ल बी ग्रँड." ग्रँड! या देशात छप्पर उडालं तरी ग्रँड!

मग सुरू झाली ती तयारी. तिच्या प्रोफेसरला शिफारस मागितली. भला माणूस. त्यानं तिला फोनवर काय सांगितलं असेल? "आय टोल्ड देम यू'र नॉट द वर्स्ट." तू काही सगळ्यात वाईट नाहीस! मी हबकलो. म्हटलं, अगं हे काय, शिफारस आहे की शेजाऱ्यांची तक्रार? अमेरिकेतल्या माणसाला "सूर्यासारखी तेजस्वी" असलं काहीतरी वाचायची सवय असते! तर म्हणते, बाबा, इथं याहून मोठं कौतुक नसतं, तो त्याच्या बायकोबद्दल पण एवढं बोलत नाही.

आता खरी कटकट सुरू होते ती इथून. इंटरव्ह्यूचा दिवस. झूमवर. घरात कर्फ्यू! "बाबा, यू'ल गो फॉर अ वॉक, राइट?" बाहेर आडवा पाऊस, छत्री उलटी होतेय, आणि मी म्हणे फिरायला जायचं. संध्यानं तिच्या हातावर दही-साखर ठेवली, देवापुढे दिवा लावला, आणि मला डोळ्यांनी खुणावलं, निघा. मी निघालो. खरंच निघालो होतो हो! पण जाताजाता म्हटलं, दह्याचं भांडं झाकलंय का बघू. आता आमचं दही लागतं हॉट प्रेसमध्ये. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेच, गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट, इथले लोक त्यात टॉवेल ठेवतात, आपण दही लावतो, या थंडीत दुसरीकडे लागतच नाही. आणि त्या कपाटाची भिंत नेमकी स्वानंदीच्या खोलीची. मी दार उघडलं, भांड्याकडे वाकलो, आणि भिंतीतून स्वच्छ आवाज. मग मी वाकलेलाच राहिलो. आता सांगा, बाप माणूस काय करेल?

आणि काय ऐकू आलं असेल? पोरीनं काय सांगावं? गोल्ड मेडल? डिबेटचा कप? तर ही त्या दोन अमेरिकन प्रोफेसरांना माझ्या आईच्या कानाचं मशीन सांगतेय! "माय ग्रॅन इन नागपूर हॅज अ हिअरिंग एड दॅट नेव्हर वर्क्ड." दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते दुकानदाराला विचारा, आणि आजी ते मशीन कपाटात ठेवून नुसती हसते, कारण तिला काही ऐकूच येत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? घरातली भांडी घरात वाजवावीत की अमेरिकेपर्यंत? माझी आई काय उघड्यावर पडलीय? आणि ते दोघं विचारतात, मग घरचे लोक काही करत नाहीत का? तर माझी कन्या, माझी लाडकी कन्या, म्हणते, "माय डॅड सेज ही'ल सॉर्ट इट व्हेन वी मूव्ह बॅक. बट वी'व्ह बीन मूव्हिंग बॅक सिन्स आय वॉज फोर."

आणि ते हसले! दोघंही! भिंतीपलीकडे तीन माणसं मला हसतायत आणि भिंतीअलीकडे मी, कपाटात डोकं, हातात दही. दही लागलं नव्हतं. कसं लागणार?

संध्याकाळी जेवताना मी नुसता ताटाकडे बघत होतो. ती म्हणाली, बाबा, यू ऑल राइट? मी म्हटलं, ग्रँड.

पुढे जुलै उजाडला आणि ईमेल आला. मिळालं! आणि त्या क्षणी, खरं सांगतो, राग-बिग सगळा विसरलो, डोळ्यांत पाणी आलं, मी देवापुढे साखर ठेवली आणि ही महामाया आनंदानं पायऱ्यांवर उड्या मारत होती, लहानपणी मारायची तशी. आणि इथं आम्ही ती घोडचूक केली. आपली माणसंच करू जाणोत अशी चूक! आपल्यात काय, पहिली गोष्ट सुचते ती पेढे. संध्यानं दुधाच्या पावडरीचे पेढे केले, परातभर, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी चार-चार नेऊन दिले. "स्वानंदी, अमेरिका, लॉ!" एवढंच बोलली. पुढचं डिफर्ड-बिफर्ड कोण सांगत बसतंय हातात पेढा देताना?

आता इथल्या माणसाला पेढा कळत नाही, पण पोरगी अमेरिकेला निघाली हे त्यांच्या रक्तात आहे हो! यांच्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी बोटीनं गेलंय आणि परत आलेलं नाही. तो आमचा शेजारी डेक्लन, म्हातारा, कुबडीवर चालतो, त्याच्या तर दोन बहिणी गेल्या. पेढा तोंडात घातला आणि डोळे पुसायला लागला. आठवड्याभरात सगळी गल्ली आमच्या दारात! एकीनं ब्राउन ब्रेड, एकीनं जपमाळ, आणि सगळ्यांनी मिळून एक सूटकेस. नवी कोरी, निळी, चार चाकांची! त्यावर कार्ड, आणि कार्डावर सगळ्यांच्या सह्या, एका लहान पोराच्या हाताचा ठसासुद्धा. आणि माझी पोरगी दारात उभी, पायांत स्लिपर, हातात चहाचा मग, कुठेही न निघालेली!

मी डेक्लनला बाजूला घेतलं. म्हटलं, डेक्लन, शी इज नॉट गोइंग. तो एकदम खाली बघायला लागला. "डिड दे चेंज देअर माइंड्स ऑन हर?" नाही रे बाबा! मिळालंय, पण जायचं नाही! दोन वर्षं! त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा मयताच्या घरी ठेवतात, आणि म्हणाला, "आह, शुअर लुक." म्हणजे, चालायचंच! तेव्हापासून दर मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना भेटला की आवाज उतरवून विचारतो, "अँड हाऊ'ज शी कीपिंग?" जणू पोरगी अंथरुणाला खिळलीय! ती सूटकेस परत द्यायला मी तीनदा गेलो. घेत नाही. म्हणतो, राहू दे, कधीतरी लागेल.

इथलं एक परवडलं, नागपूरचं विचारू नका. माझी बहीण उर्मिला, तिचा फोन, "दादा, खरं सांग हं, आपल्यात काय लपवायचं. एजंटनं फसवलं का?" अगं कुठला एजंट? "मग व्हिसा नाकारला का? आमच्या समोरच्या देशकरांच्या मुलाचं असंच झालं, मिळालं मिळालं म्हणत होते, आता टायरचं दुकान काढलंय." मी तिला समजावलं. शांतपणे समजावलं. शेवटी ती म्हणते, "म्हणजे साखरपुडा झाला, पण लग्नाला सासरचे नको म्हणतायत, असंच ना?" मी फोन ठेवला. आणि आई! आईला व्हिडिओवर सांगायचं म्हणजे मी इकडून ओरडणार, तिकडून ते मशीन कुईंsss करून शीळ घालणार, मग ती ते काढून ठेवणार आणि नुसती माझ्या ओठांकडे बघत बसणार. हल्ली हल्ली तर फोनच लवकर आटोपते. "बरं आहे ना सगळं? बरं मग, ठेवते." काय बोलणार, ऐकूच येत नाही तर! शेवटी मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अगं बाप्पा! मिळालं तर जाऊन काहून नाही राहिली रे ती?" काहून! हाच तर माझा प्रश्न आहे!

पण तुम्हाला सांगतो... आता हे संध्याला ऐकू जाऊ देऊ नका. मनातून मी खूश होतो. हो! चिडचिड वेगळी आणि मनातलं वेगळं. दोन वर्षं काम करायचं म्हणजे कुठे करणार? इथंच ना! मी लगेच आपल्या रविकांतला फोन लावला. तो तिकडे पलीकडे बसलाय ना निळ्या कुर्त्यात, डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकला मोठ्या कंपनीत आहे, त्याला म्हटलं, तुझ्याकडे काही बघ. त्यानं बघितलं. म्हणजे पोरगी डब्लिनला, शुक्रवारी संध्याकाळी ट्रेननं घरी, दोन दिवस पोळ्या खाणार, भांडणार, आणि सोमवारी परत. अमेरिका काय, गेली की गेली, डेक्लनच्या बहिणींसारखी! पण त्याआधी दोन वर्षं माझी. मी तिच्या खोलीला रंग दिला हो. नवा पलंग आणला. या देशात आल्यापासून घरात मी आणलेली पहिली नवी वस्तू, एरवी मी काही घेऊ देत नाही, दोन वर्षांत जायचंय तर कशाला पसारा? सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

आणि परवा! परवा ती गॉलवेहून आली, रंग बघितला, पलंग बघितला, त्याच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "बाबा, आयॅम नॉट टेकिंग द डब्लिन थिंग." बरं, मग गॉलवे? तेही चालेल, म्हटलं, रस्ता चांगला आहे. "नागपूर."

मला वाटलं गंमत करतेय. नागपूर? हो, म्हणे, सगळं ठरलंय. धंतोलीत एक डॉक्टरीणबाई आहेत, कानाची मशीनं बसवतात, दुरुस्त करतात, आणि ज्यांना फसवून विकली त्यांच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात नेतात. त्यांच्याकडे दोन वर्षं काम. इंटरव्ह्यूत तिनं हेच सांगितलं होतं म्हणे, मी दह्याचं भांडं घेऊन निघून गेल्यावर. आणि त्यावरच मिळालं. माझ्या आईच्या कानावर मिळालं!

मी म्हटलं, अगं तुला तिथलं काय झेपणार? मे महिना पाहिलायस नागपूरचा? राहणार कुठे? आजीच्या दोन खोल्या, त्यात उर्मिलाआत्याचं सामान. तर म्हणते, "इन द फ्लॅट." कुठला फ्लॅट? "अवर फ्लॅट, बाबा. त्रिमूर्तीनगर."

आता त्या फ्लॅटचं सांगतो. तो आम्ही परत जाण्यासाठी घेतलाय. वास्तुशांत केली, दूध उतू घातलं, कुलूप लावलं आणि इकडे आलो. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पितळी. गॅसचं कनेक्शन आहे, नळ आहेत. आई दर महिन्याला जाते, नळ सोडते, पंखे फिरवते, दाराला नमस्कार करते आणि कुलूप लावून परत येते. किती वर्षं झाली ते विचारू नका. तिथं कोणी राहायचं नाही, ते घर मोडायचं नाही, ते आमच्यासाठी आहे! मी म्हटलं, स्वानंदी, तिथं फर्निचर नाही, धूळ आहे, आम्ही आलो की सगळं नीट करणार आहोत, दोनच वर्षांत आम्ही...

आणि ती बोलली. रागानं नाही हो, तेच तर. माझा हात धरून, अगदी हळू आवाजात, आणि आयुष्यात पहिल्यांदा अख्खं वाक्य मराठीत! "बाबा, माझ्या डिफर्डला निदान तारीख तरी आहे."

...

पाणी द्या जरा. अनारसा फार गोड झालाय.

नाही, मी चिडलो. चिडणारच! मी म्हटलं, आजीला विचार आधी, तिला आवडणार नाही! लावला फोन. लिहायला कागद शोधतोय, तोवर ही कॅमेऱ्याजवळ जाऊन सावकाश म्हणाली, "आजी. मी. येते. तुझ्याकडे." आणि मशीन कपाटात, कानात काही नाही, तरी एवढं बरं आईला पहिल्या फटक्यात कळलं! चेहरा असा फुलला तिचा, मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी मधे पडलो, कागदावर लिहिलं, "त्या फ्लॅटमध्ये राहणार म्हणते!" आईनं वाचलं. म्हणाली, "राहू दे की रे. इतकी वर्षं नळ सोडून पाणी वाया घालवून राहिली मी. आता कोणी पिईन तरी."

मग काय करता? स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात एक डबा आहे, त्यात किल्ली. काढली. वास्तुशांतीचं कुंकू अजून तिच्यावर लागलेलं आहे, वाळून काळं पडलंय. दिली तिच्या हातात. परीक्षा झाली की जूनमध्ये जाणार. डेक्लनला कळलं, तो कुबडी टेकत आला आणि विजयी मुद्रेनं म्हणाला, बघ, सूटकेस लागलीच की नाही! संध्यानं काल सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं. का, ते मी विचारलं नाही.

तर असं आहे सगळं. म्हणून म्हटलं, अभिनंदन नको. तिला अमेरिका मिळालीय, ती नागपूरला चाललीय, आणि मला नागपूर मिळून... जाऊ द्या.

काय म्हणालात नीलिमाताई? आम्ही कधी परत जाणार? आम्ही काय हो, आम्ही... दोन वर्षांत!... म्हणजे आमचं पण तसंच, मिळालंय, पण... आता मधे एकदा पोरीला भेटून यावं म्हणतो. चार दिवस. माझाच फ्लॅट, माझ्याच नावाची पाटी, आणि मी पाहुण्यासारखा बाहेर उभा राहून बेल दाबणार, किल्ली तर तिच्याकडे! ती गेलेली असेल कामावर. आत आई असेल, नातीपाशी राहायला आलेली. बेल आईला ऐकू आली, म्हणजे मिळवली.